पुस्तकात नसलेली फंक्शने आणि मालकाचा खर्च

पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीकाठी ग्रिल-रेलिंगचे वर्कशॉप चालवणाऱ्याला ऑटोलिस्पशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. पंचवीस खिडक्या, डिझाइन एक, मापे वेगळी. मापे टाकली की नकाशा आपोआप निघावा म्हणून मालक एखाद्या जाणकार पोराकडून स्क्रिप्ट लिहून घेतो. ऑटोकॅडमध्ये ही सोय 1986 पासून आहे.

पोरगा हुशार असतो. ऑटोलिस्पमध्ये ‘ॲटम्स-फॅमिली’ नावाचे फंक्शन आहे. ते चालवले की त्या घटकेला आत हजर असलेली सगळी नावे समोर येतात, पुस्तकातली आणि पुस्तकाबाहेरचीही. त्यांत ‘एसीईटी’ने सुरू होणारी बरीच असतात. ती एक्स्प्रेस टूल्स या जोडसामानातली. ऑटोलिस्पच्या अधिकृत संदर्भात त्यांतली बहुतेक सापडत नाहीत, पण काम झटपट करतात. पोरगा ती वापरतो, मालक खूश, पैसे चुकते.

2023 साली स्वस्तातल्या ऑटोकॅड एलटीमध्येही ऑटोलिस्प आले. समजा, खर्च वाचेल म्हणून मालकाने एलटी घेतली. एलटीत एक्स्प्रेस टूल्स नाहीत. स्क्रिप्ट पहिल्याच खिडकीला अडते: ‘नो फंक्शन डेफिनिशन’. तोवर पोरगा दुबईला पोचलेला! आणि अडली तर नशीबच म्हणायचे. आतल्या फंक्शनचे वागणे नव्या आवृत्तीत गुपचूप बदलले, तर चुकीच्या मापाने लोखंड कापले जाते आणि भुर्दंड मालकाच्या माथी बसतो. कंपनीशी भांडता येत नाही. जे देऊ असे तिने कधी म्हटलेच नाही, ते ती केव्हाही काढून घेऊ शकते.

ही फंक्शने वापरूच नयेत, असे मी म्हणणार नाही. एकदाच नकाशा काढायचा असेल तर खुशाल वापरा. पण वर्षानुवर्षे चालवायच्या स्क्रिप्टमध्ये आळस नको. मजकुरातला शब्द बदलणारे अधिकृत ‘व्हीएल-स्ट्रिंग-सब्स्ट’ फक्त पहिलाच शब्द बदलते, म्हणून लोक आडवाटेला जातात. वास्तविक ते चार-सहा ओळींच्या फेऱ्यात घातले की काम भागते. जिथे दुसरा इलाजच नाही, तिथे अशी फंक्शने एकाच फाइलीत ठेवावीत, ती हजर आहेत का हे स्क्रिप्टने सुरुवातीलाच तपासावे आणि त्यांची नावे बिलावर लिहावीत. मालकांनीही पैसे देताना मूळ ‘एलएसपी’ फाइल मागून घ्यावी. नुसती ‘एफएएस’ हातात आली, तर दुसरा कारागीर ती उघडून दुरुस्त करू शकत नाही.