रमाबाईंचा प्रश्न आणि आजची मंडळी

इव्हँजेलिकल व्यासपीठांवरून हल्ली एका शत्रूचे नाव वारंवार ऐकू येते: उत्तराधुनिकता. तरुण मुले उपासनेला येईनाशी झाली, पवित्र शास्त्राचा अधिकार कुणी जुमानेना, 'तुझे सत्य तुला, माझे मला' अशी भाषा घराघरांत शिरली, की दोष तिच्या माथी मारून प्रवचन पुढे सरकते. आरोपपत्र आयतेच मिळते. ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७९ साली क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी एक अहवाल लिहिला. अवघ्या मानवजातीचा अर्थ सांगू पाहणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडाला आहे, असे निदान त्याने त्यात मांडले. पुढे अमेरिकेत ब्रायन मॅक्लारेन यांनी २००१ पासून 'नव्या प्रकारच्या ख्रिस्ती माणसा'ची कल्पना लोकप्रिय केली. डी. ए. कार्सन यांनी २००५ मध्ये या 'इमर्जिंग चर्च' चळवळीचा खरपूस समाचार घेतला. २०११ मध्ये रॉब बेल यांच्या पुस्तकाने नरकाच्या शिकवणीवरून वादळ उठवले. हा सगळा वाद अमेरिकेतला. आता तोच फोनवरच्या प्रवचनांतून नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचतो आणि सांगतो, की प्रश्न विचारण्याची ही खोड बाहेरून आली, आपल्या मंडळीत ती नव्हतीच.

हे खरे नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीत हे प्रश्न ल्योतारच्या जन्माआधीच विचारले गेले होते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यातली रमाबाई कुणापुढे मान तुकवत नाही. त्रैक्याची शिकवण तिला शास्त्रात सापडत नाही, म्हणून ती तसे स्पष्ट लिहिते. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा ती संतापते. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवून आलेली बाई दुसऱ्या पुरोहितांचे जोखड घ्यायला तयार नव्हती. सत्य सांगणारा कोण आहे, कुठल्या गादीवरून सांगतो आहे, त्यात त्याचा अधिकार किती आणि सत्य किती, हे तिने तपासून पाहिले. याच तपासणीला आज उत्तराधुनिक म्हणून नाक मुरडले जाते.

पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. 'माझा ख्रिस्त माझ्यापुरता' असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर टीकाकारांचे म्हणणे खरे ठरले असते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये छापखाना चालवला, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल मुळातून आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर पूर्ण रूपात बाहेर पडले. सत्य ज्याच्या त्याच्या मनात असते असे मानणारा माणूस उतारवयात हिब्रू क्रियापदांशी झटत बसत नाही. ग्रंथात काहीतरी ठाम सांगितले आहे, ते कुणाच्याही मध्यस्थीवाचून कळले पाहिजे, यावर श्रद्धा असेल तरच हे श्रम होतात.

नारायण वामन टिळकांचेही तसेच. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा कवी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे राबला, आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्याने साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीला हा उघड नकार होता. ख्रिस्तावरचा विश्वास मात्र त्याच टिळकांच्या गीतांतून आजही मराठी उपासनेत गायला जातो.

आता दुसरी बाजू. उत्तराधुनिकतेचे स्वागत करणारेही आहेत. त्यांच्या मते कुणाचेच कथन खरे-खोटे नसते, प्रत्येक समूहाची आपली गोष्ट असते, आणि मंडळीने सगळ्या गोष्टींना सारखी जागा द्यावी. ऐकायला हे उदार वाटते. पण नांदेड जिल्ह्यात उभे राहून हे म्हणता येत नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि गावोगाव दलितांची घरे जळाली. ४ ऑगस्टला याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे या मातंग कार्यकर्त्याला ठार मारण्यात आले. मारणाऱ्यांचीही एक 'गोष्ट' होतीच. ती पोचीरामांच्या गोष्टीइतकीच वैध मानायची काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सत्य लागते, असे सत्य की जे मारणाऱ्यालाही नाकारता येऊ नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोला दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी शास्त्राच्या अचूकतेचे निवेदन काढले. मातंग-महार वस्त्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र जास्त जवळचा होता: हे अचूक शास्त्र जळालेल्या घराबद्दल काय म्हणते? अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईशज्ञानाची मांडणी केली, तेव्हा त्यांनी लहान माणसांची गोष्ट पुढे आणली. ती 'आमच्यापुरती' म्हणून त्यांनी सांगितली नाही. निर्गमाचा देव खरोखर गुलामांच्या बाजूने उभा राहिला, हा दावा त्यांनी सगळ्या मंडळीपुढे ठेवला.

मग उत्तराधुनिकतेचा खरा शिरकाव कुठे झाला आहे? जिथे तिच्याविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलले जाते, तिथेच. स्वतंत्र मंडळ्यांच्या सभांत आज उपदेशाची जागा साक्षीने घेतली आहे. शास्त्रभाग वाचला जातो आणि लगेच प्रश्न येतो, 'या वचनातून तुम्हाला काय मिळाले?' लेखकाला काय म्हणायचे होते, हा प्रश्न निघतच नाही. यिर्मया २९:११ हे वचन कॅलेंडरांवर आणि व्हॉट्सॲपवर सतत भेटते. नोकरी, लग्न, व्हिसा, सगळ्यांसाठी तेच चालते. ते बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या ओळीत सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण सुटका पाहायला उरणार नव्हते. हे गाळले की वचन वाचणाऱ्याच्या इच्छेचा आरसा होते. 'प्रभूने मला दाखवले' असे पाळक म्हणाला की त्यावर पडताळा उरत नाही, आणि शंका काढणारा अविश्वासी ठरतो. सापेक्षतावाद तो हाच, फक्त त्याचा लाभ एकाच माणसाला होतो.

ग्रंथाचा अर्थ वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, ही कळकळ या भागाला नवी नाही. नांदेडशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या वामनपंडितांनी गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिली, ती बावीस हजारांच्या घरातल्या ओव्यांची. त्यांच्या अर्थाशी कुणाचे पटो न पटो, शब्दाला धरून वाद घालण्याची ती शिस्त मराठी ख्रिस्ती वाचकालाही परकी वाटू नये.

लेस्ली न्यूबिगिन हे दक्षिण भारतात बिशप होते. तरुणपणी कांचीपुरमला ते रामकृष्ण मठातल्या मंडळींबरोबर बसून उपनिषदे आणि योहानाचे शुभवर्तमान वाचत. १९८९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलेली भूमिका इथे उपयोगी पडते: शुभवर्तमान हे चव्हाट्यावर मांडायचे सत्य आहे, ते कुणाच्या खासगी अनुभवात कोंडता येत नाही आणि कुणाच्या मालकीचेही होत नाही. म्हणून ते तपासू देणे हे मंडळीचे कर्तव्य ठरते. हे मराठवाड्यातल्या लहानशा मंडळीतही करता येण्याजोगे आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेत सुटे वचन न घेता यिर्मयाचा सबंध एकोणतिसावा अध्याय वाचावा, बायकांनीही तो समजावून सांगावा, पाळकाच्या अर्थावर सर्वांसमक्ष प्रश्न विचारता यावा. आणि पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती मॅक्लारेन किंवा कार्सन पडण्याआधी रमाबाईंची ती पत्रे पडावीत.