नोटेवरचा रंग कोणाच्या हाती?

पाचशे रुपयांची नोट हाती घेऊन किंचित तिरपी करून पाहावी. उजव्या बाजूस खाली छापलेला आकडा हिरव्याचा निळा होतो; धाग्याचा रंगही तसाच पालटतो. खऱ्याखोट्याची पारख करण्यासाठी सामान्य माणसाच्या हाती दिलेले हे साधे साधन आहे. अशी रंग बदलणारी शाई आपल्या पाचशे व हजाराच्या नोटांवर नोव्हेंबर २००० मध्ये आली. मात्र शाई, कागद आणि सुरक्षा धागा यांसाठी आपण दीर्घकाळ परदेशी कंपन्यांवर विसंबून राहिलो. म्हैसूरचा ‘वर्णिका’ हा शाईचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला तो मार्च २०२२ मध्ये. तेथे रंग बदलणारी शाईही बनते, ही समाधानाची गोष्ट खरीच. पण मधली जवळजवळ दोन तपे विसरून चालणार नाही.

नाशिककरांना हा विषय परका नाही. एके काळी टपालाची तिकिटेसुद्धा लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले, १९२८ मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाले आणि पाच रुपयांची नोट येथे छापली गेली. आता प्रश्न आहे तो पुढच्या पायरीचा. आणि ती पायरी शाईची नाहीच.

सोन्याचा रंग कोणता, असे विचारले तर सराफबाजारात कोणीही ‘पिवळा’ म्हणेल. परंतु सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच या लाल सोन्याचा अभ्यास केला होता. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर एकत्र डोलतात. नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या धक्क्याने झोका उंच जावा, तसे सुमारे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला हे डोलणे सर्वांत जोरकस होते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. हिरवा प्रकाश कण गिळतात, लाल तेवढा उरतो.

एकट्या कणाचे अनुस्पंदन मात्र पसरट असते. तेच कण रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे समान अंतरावर मांडले आणि ते अंतर प्रकाशाच्या लहरलांबीच्या जवळपास ठेवले, तर एका कणाने विखुरलेला प्रकाश शेजारच्या कणापाशी नेमक्या तालावर पोहोचतो. दिंडीतले शंभर टाळ एकाच ठेक्यावर वाजावेत, तशी सारी मांडणी एकजीव होते. अनुस्पंदन धारदार होते आणि पाहण्याचा कोन जरा बदलला की रंग बदलतो. अमेरिकेतील जॉर्ज शॅट्झ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे गणिताने दाखविले. २००८ मध्ये प्रयोगांनी ते सिद्ध झाले. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी तर २०१२ मध्ये धातूच्या सूक्ष्म ठिपक्यांनी, शाईच्या थेंबाविना, इंचात एक लाख ठिपके इतक्या बारकाईचे रंगीत चित्र उमटविले. अशी रांगोळी झेरॉक्सच्या यंत्राला उतरविता येत नाही. डोळ्याला रंग दिसतो, तो घडविणारी मांडणी दिसत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१९ मध्ये सोन्याच्या कणांमधील अंतर बदलून ‘काळे सोने’ तयार झाले. या प्रयोगशाळांपासून नाशिकरोडचे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. ते अंतर कापायला आपण पुन्हा दोन तपे घेणार काय?

दररोज हजारो हातांतून फिरणारी, घडी पडणारी नोट असा नाजूक थर सोसेल काय, खर्च परवडेल काय, हे आक्षेप रास्त आहेत. म्हणूनच आरंभ पारपत्रासारख्या, कमी हाताळल्या जाणाऱ्या दस्तऐवजापासून व्हावा. पारपत्रेही नाशिकरोडलाच छापली जातात.

मात्र केवळ तंत्राने भागत नाही, हा धडाही नाशिकनेच दिला आहे. येथील मुद्रणालयातून निकालात निघालेली यंत्रे बनावट मुद्रांक छापणाऱ्या तेलगीच्या टोळीकडे गेल्याचे तपासात पुढे आले होते. २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली, पण व्हायची ती हानी होऊन गेली होती. नॅनोकणांच्या रांगोळीलाही मूळ साचा असतोच. तो परदेशात घडला, तर किल्ली परक्याच्या हाती. येथे घडला आणि पहारा ढिला राहिला, तर ती चोराच्या हाती. म्हणून साचा घडविणारे शास्त्रज्ञ आणि तो सांभाळणारी निष्ठावान माणसे, दोन्ही आपलीच हवीत.

शंभर वर्षांपूर्वी तिकिटे लंडनहून नाशिकला आली. पुढची खूण विकत घ्यायची की घडवायची, हे ठरविण्याची वेळ आज आहे. ती नोटेवर येऊन गेल्यानंतर नव्हे.