बिनानावाची बाटली

आपल्या हॉस्टेलवर सध्या एक नवं वेड आलंय. जुन्या कोल्ड्रिंकच्या वस्तू जमवायचं! कुणाच्या खिडकीत गोल्ड स्पॉटची रिकामी बाटली, कुणाच्या कॉटखाली थम्स अपचा लाकडी क्रेट (त्यात मागच्या सेमिस्टरच्या झेरॉक्स). छंदाला माझा विरोध नाही. मेसचं बिल थकवून इनॅमलची पाटी मागवणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. पण आपण जपतोय ते कुणाचं आणि भंगारात जातंय ते कुणाचं, हे एकदा बघायला नको का?

गोल्ड स्पॉटला मोल आहे, मान्य. 1977 साली कोका-कोला भारतातून गेली, कारण परकीय भांडवल 40 टक्क्यांवर आणायची फेरा कायद्याची अट तिला मान्य नव्हती. त्याच वर्षी पार्लेचं थम्स अप आलं. सरकारनेसुद्धा मॉडर्न बेकरीकडून 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढला, तो काही चालला नाही. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं तिला विकलं. थम्स अप टिकलं, गोल्ड स्पॉट गेलं. आमचे काका लोक त्याचं बूच दगडाने चेपून, दोन भोकं पाडून, दोरा ओवून भिंगरी करायचे. मोडनिंब स्टेशनजवळची पोरं तर बार्शी लाइटच्या रुळांवर बुचं ठेवून सपाट करायची म्हणे. (तुम्ही करू नका!)

पण या कंपन्यांचा इतिहास कुठे जात नाही हो. जाहिराती आहेत, पुस्तकं आहेत, कोर्टाचे कागद आहेत. नाव मेलं तरी विकत घेऊन जिवंत करता येतं. रिलायन्सने 2022 मध्ये कॅम्पा घेतला आणि 2023 मध्ये बाजारात आणलासुद्धा. पुण्याच्या कॅम्पातल्या अर्देशीरचा सोडा 1884 पासूनचा, त्याचं नाव काचेवरच असतं. मुंबईच्या ड्यूक्सचंही तसंच. 1889 ची कंपनी, काढली ती पारशी क्रिकेटर पांडोळे यांनी आणि नाव घेतलं इंग्लंडच्या क्रिकेट बॉलवरून! 1994 मध्ये ती पेप्सीने घेतली, तरी गोष्ट शिल्लक राहिली.

आता आमच्या मोडनिंबसारख्या गावातली गोटी सोड्याची बाटली बघा. ना नाव, ना लेबल. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या असल्या कितीतरी गावांत एसटी थांबली की गाडीवाला अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलायचा, फट्ट आवाज व्हायचा, लिंबू-मीठ पडायचं आणि रिकामी बाटली परत पेटीत. तो सोडा कुणी भरला, हे काचेवर कुठे लिहिलेलं नाही. तो माणूस गेला की सगळं गेलं.

आणि राव, आपण इंजिनिअरिंगवाले! ही बाटली 1872 मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने पेटंट केली. मानेत रबराचं वॉशर, आत काचेची गोटी. आतला वायू गोटीला वॉशरवर दाबतो, म्हणजे दाब जितका जास्त तितकं झाकण घट्ट. वेगळं बूच नको, बूच मारायचं यंत्र नको. ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला एका बाजूला दोन खाचा. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या लेक्चरला ही बाटली टेबलावर ठेवली, तर मागच्या बाकावरचेही जागे राहतील.

खरी गंमत भरण्याच्या मशीनची. लोखंडी पिंजऱ्यात बाटली अडकवायची, नळीतून गॅस सोडायचा आणि हँडलने पिंजरा गरगर फिरवायचा, की गॅस पाण्यात मुरतो. बाटली उलटी झाली की गोटी तोंडाशी येऊन बसते आणि दाबाने तिथेच अडकते. बाटली फुटली तर काचा अंगावर येऊ नयेत म्हणून तो पिंजरा. एक खोली, एक मशीन, एक सिलिंडर, झाला कारखाना! एवढ्या कमी भांडवलात गावात दुसरा कुठला उद्योग निघायचा? पुढे क्राउन बूच आणि प्लॅस्टिकच्या बाटलीने त्याला मारलं. अरुंद मानेची बाटली आतून धुवायची कटकट होतीच, तेही खरं.

कुणी म्हणेल, गोटी सोडा तर परत आलाय. आलाय ना! 2025 च्या मार्चमध्ये तो 'गोली पॉप सोडा' नावाने अमेरिका, ब्रिटन आणि आखातात निघाल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. पण तो नव्या बाटलीत, छापील लेबल लावून. हाताचं मशीन आणि ते चालवणारा माणूस त्यात नाही. मशीन किलोवर भंगारात जातं आणि बाटली पोरं गोटीसाठी फोडतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पाटीवर पैसे घालण्यापेक्षा (त्यातल्या कित्येक 'जुन्या' पाट्या नव्याच करून गंजवलेल्या असतात) सुट्टीत गावाकडच्या सोडेवाल्याकडे जा. एक बाटली मागा, वॉशर कुठून आणायचा ते विचारा, मशीन चालवताना मोबाईलवर शूटिंग करा, मापं घ्या. बाटलीला चिठ्ठी बांधा: गाव कुठलं, भरायचं कोण, धंदा बंद कधी झाला. जुन्या बाटलीत पुन्हा सोडा भरायचा प्रयोग मात्र रूमवर नको, रेक्टर सरांच्या आधी काचाच वर येतील.

मेकॅनिकलच्या सरांनाही एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच तेच विषय असतात. एका वर्षी एक मशीन भंगारवाल्याकडून सोडवून वर्कशॉपमध्ये दुरुस्त करायला द्या की! ड्रॉइंग आम्ही काढतो.

दिवाळीत मी मोडनिंबहून दोन बाटल्या आणि लाकडी ठोकळा आणतोय. लायब्ररीतल्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करून मिळाला, तर बाकीच्यांनीही आपापल्या गावची आणावी.