बिअरचा नळ आणि कृतीचे गद्य

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने १९७८ साली मोकळीक दिली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत बिअर कर न भरता बनवता येऊ लागली. या छंदातून बिअरबरोबर एक गद्यही निपजले, आणि आपल्या समीक्षेने ते वाचावे असे माझे म्हणणे आहे. 'कीझर' कसा बांधावा हे सांगणारे लेखन हा त्याचा एक चांगला नमुना.

'केग' म्हणजे बिअरचे पोलादी पिंप. ते ज्यात थंड राहते तो वरून उघडणारा फ्रीझर. या दोन शब्दांच्या जोडातून 'कीझर' झाला. आत पिंपे आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, बाहेर नळ, अशी ही रचना. फ्रीझरच्या भिंतींत शीतकाच्या नळ्या दडलेल्या असतात. तिथे भोक पाडले तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून नळ तिच्यावर लावतात. फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत उतरतो आणि बिअरला तीन-चार अंश पुरतात. म्हणून वेगळा तापमान-नियंत्रक जोडून वीज वेळीच तोडावी लागते.

खरी कसोटी मात्र पिंपापासून नळापर्यंतच्या बारीक नळीची. पिंपात दर चौरस इंचाला १० ते १२ पौंड दाब असतो. नळी आखूड असेल तर बिअर वेगाने उसळते, विरघळलेला वायू सुटतो आणि ग्लासात नुसता फेस येतो. तीन-सोळांश इंच व्यासाची सुमारे १० फूट नळी वापरली, तर घर्षणाने तो दाब वाटेतच हळूहळू जिरतो.

सामान्य लेखक एवढेच सांगतो: '१० फूट नळी घ्या.' चांगला लेखक दाब कुठे जिरतो तेही सांगतो. त्यामुळे ज्याचा दाब किंवा नळीचा व्यास वेगळा आहे, तो वाचक आपला हिशोब आपण मांडू शकतो. मला हा भेद तांत्रिक वाटत नाही, वाङ्मयीन वाटतो. लेखक वाचकाला कुठे उभे करतो, हुकूम पाळणाऱ्याच्या जागी की विचार करणाऱ्याच्या, हा कोणत्याही गद्याला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मराठीत तर तो क्रियापदातच दिसतो. 'भोक पाडा', 'भोक पाडावे' आणि 'भोक पाडण्यात यावे' ही तीन वाक्ये तीन वेगळी नाती सांगतात. तिसऱ्यात करणारा माणूसच नाहीसा होतो, आणि आपली बहुतेक माहितीपत्रके याच तिसऱ्या वाक्यात बोलतात. उलट कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) वाटी-चमच्याच्या मापाने वाचकाच्या हाताशी येऊन बोलते. ते लाखो घरांत वाचले गेले. गद्य म्हणून त्याचा विचार किती झाला?

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे उपयुक्त लेखन, ललित नव्हे. परंतु रिचर्ड सेनेट यांनी 'द क्राफ्ट्समन' (२००८) या ग्रंथात कोंबडीच्या पाककृती शेजारीशेजारी ठेवून एक अख्खे प्रकरण लिहिले आणि सूचनेतही कल्पकता व सहानुभूती लागते हे दाखवले. ज्याने ती वस्तू कधी पाहिली नाही, त्याच्या हातांची अडचण आधी ओळखणे हे कादंबरीकाराच्या कामाहून फार दूरचे नाही.

आपण मात्र 'उपयोजित मराठी' नावाची वेगळी खोली बांधून असे लेखन तिकडे धाडले. कारागिराचे ज्ञान एकीकडे आणि लेखणी दुसरीकडे, ही आपल्या समाजातील जुनी फाळणी त्यामुळे अभ्यासक्रमातही टिकून राहते. तिची किंमत भाषा भरते: हातांनी काही करणाऱ्याला आपली कृती नेमकी सांगायला मराठी वाक्य सापडत नाही आणि तो इंग्रजीकडे वळतो.

म्हणून गद्यशैलीच्या तासाला ललित निबंधाशेजारी असे एखादे कृतिलेखन ठेवावे. कोणत्या वाक्यात कारण आले, कोणत्यात ते गाळले आणि कर्ता कुठे लपला, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. मग त्यांना स्वतः एक कृती लिहायला सांगावी आणि ती दुसऱ्याने करून पाहावी. चुकलेले वाक्य तिथे लगेच उघडे पडते, नळातून फेस यावा तसे.