सरासरीने पुसलेले भोवरे

उत्तर अटलांटिकचा, हजार मीटर खोलीवरच्या खारटपणाचा नकाशा बघा. जिब्राल्टरपासून पश्चिमेला एक लांबलचक जीभ बाहेर आलेली दिसते. हे भूमध्य समुद्राचं खारट, कोमट पाणी. वाटतं, शाईच्या डागासारखं निवांत पसरतंय. मंडळी, ही जीभ म्हणजे सरासरी आहे! आणि सरासरी काय काय लपवते हे आपल्या धंद्यात तरी सांगायला नको. (ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम झकास, आणि कस्टमर फोनवर बोंबलतोय.)

प्रत्यक्षात काय होतं? भूमध्यात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी खारट आणि जड. ते सामुद्रधुनीच्या तळावरून अटलांटिकमध्ये घरंगळतं आणि साधारण हजार मीटरवर थांबतं. पोर्तुगालला वळसा घालताना त्यातले काही तुकडे तुटून गरगरत सुटतात. पन्नास-शंभर किलोमीटर रुंद, काहीशे मीटर जाड भिंगंच म्हणा ना. नाव 'मेडी'. 'शेरॉन' नावाच्या मेडीच्या पोटात आवाजाने ठावठिकाणा कळवणारे फ्लोट सोडून १९८४ ते १९८६ असा तिचा पाठलाग केला गेला. ती सुमारे ११०० किलोमीटर दक्षिणेला गेली. कडा झिजत होत्या, पण गाभ्यातलं पाणी पहिलं वर्षभर जवळपास जसंच्या तसं. पसरणं कसलं, सीलबंद पार्सल!

आणि तरी लोक विचारतात, "सॅटेलाइट आहेत ना, मग जहाजं आणि फ्लोट कशाला?" अहो, सॅटेलाइटचं रडार पृष्ठभागाची उंची मोजतं. हजार मीटर खालचा खारटपणा त्याला कसा दिसणार? आर्गोचे जवळजवळ ४००० फ्लोट जगभर आहेत (आपल्या हैदराबादच्या इन्कॉइसचेही), पण दोन फ्लोटमध्ये अंतर साधारण ३०० किलोमीटर. म्हणजे तेवढ्या फटीत तीन शेरॉन आरामात बसतील. हवामानाच्या कित्येक मॉडेल्सचा एक चौकोनच शंभर किलोमीटरचा. तिथे अख्खी मेडी एका आकड्यात गडप. खोल समुद्रातली उष्णता कुठे जाते ते शोधायचंय, आणि खर्च कापायचा तो नेमका मोजणीवर. धन्य आहे!

मोजणी तोकडी असली की तज्ज्ञही फसतात. १९७६ मध्ये बहामाजवळ असंच एक खारट भिंग सापडलं. १९७८ च्या पेपरात टॉमस रॉसबी आणि सहकाऱ्याने ते भूमध्यातून आल्याचं मांडलं. पण ते तिथून निघताना कुणी पाहिलं होतं? खारटपणावरून गाव ओळखलं होतं. १९९९ मध्ये खुद्द रॉसबींनीच दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर लिहिलं, की ते बहुधा उत्तर अटलांटिक प्रवाहातून सुटलेलं असावं.