क्वचित होतं, म्हणूनच आधी सांगा

मुरुमांच्या गोळ्यांनी जिवावर बेतणं लाखात एखाद्याच्या वाट्याला येतं, मग ते सांगून पोरांना कशाला भेडसवायचं, असं अनेक डॉक्टर म्हणतात. आकडा खोटा नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, सगळी औषधं धरूनही, वर्षाला दहा लाखांत मोजक्यांनाच होतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

जे क्वचित घडतं ते ओळखणाराही क्वचितच भेटतो. मुरुमांवरच्या मिनोसायक्लिन गोळीची 'ड्रेस' नावाची प्रतिक्रिया गोळी सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी उमटते. ताप, अंगभर पुरळ, सुजलेला चेहरा, मानेला गाठी आणि आत यकृताला सूज. तेलंगणातल्या आदिलाबादच्या पावसाळ्यात असा ताप आला की डेंग्यू-मलेरियाच आठवणार. महिन्याभरापूर्वी सुरू केलेल्या पिंपल्सच्या गोळीचं नाव कोण काढणार? पोरगी तापातही ती घेतच राहते. मुरुमांवर कधी दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे सल्फाची गोळी, याहून भयंकर वागू शकते; वर म्हटलेला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम तो हाच. आधी ताप येतो, डोळे चुरचुरतात, मग तोंडात फोड येतात, कातडी हात लागताच दुखते आणि सोलून निघते. अशा वेळी गोळी जितकी लवकर थांबेल तितकी वाचण्याची आशा जास्त.

"अँटिबायोटिक म्हणजे विषच" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. गाठीचे मुरुम चेहऱ्यावर कायमचे खड्डे पाडतात आणि डॉक्सिसायक्लिनने ते टळू शकतात. गोळी जरूर घ्यावी, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीने, ठरावीक मुदतीपुरती.

आदिलाबादच्या बेला, जैनद भागात कितीतरी घरांत मराठी बोलतात, आणि स्ट्रिपवरची अक्षरं असतात इंग्रजी. म्हणून गोळी देतानाच त्यांच्या भाषेत सांगायला हवं: ताप, तोंडात फोड किंवा दुखरं पुरळ आलं तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी आदिलाबादचं रिम्स रुग्णालय गाठा. याला अर्धं मिनिट लागतं. घाबरून गोळी सोडणारा एखादा निघेलही, पण न सांगण्याची किंमत त्याहून फार मोठी आहे.

मेडिकलवाले कात्रीने स्ट्रिप कापून पाच-सहा गोळ्या देतात तेव्हा औषधाचं नाव बहुतेक उरलेल्या तुकड्यावरच राहतं. ते कागदावर लिहून द्यावं. त्रास झाल्यास रुग्णाला स्वतः १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर कळवता येतं. आणि त्रास झालेल्या मुलीजवळ औषधाचं ते नाव जन्मभर राहायला हवं, कारण सल्फाची हीच गोळी लघवीच्या जळजळीवरही देतात, आणि दहा वर्षांनी किनवट-यवतमाळकडच्या सासरी नव्या डॉक्टरला तिचा हा इतिहास ठाऊक नसेल.