शिकायला लंडन, पण पैसा कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सातवीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत, पुढे तालुक्याच्या गावी आणि मग मुंबईत शिकलेली. लंडनच्या एका नामांकित विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या एमएस्सीला तिला प्रवेश मिळाला होता. मोबाइलवरचं पत्र तिने मला दाखवलं आणि म्हणाली, "टीचर, अब्बांना तुम्हीच समजवा."

अब्बा कतारला. मी फोन लावला. मनात तयारी करून बसले होते, मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "टीचर, तिच्या शिकण्याला माझी ना नाही. पण फी, राहणं-खाणं धरून पस्तीस लाख लागतात. तेवढे माझ्याकडे नाहीत, आणि व्याजाचं कर्ज मी काढणार नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीने जागा सोडली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

अशा वेळी गावात दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं? दुसरा म्हणतो, व्याज हराम आहे, विषय संपला. पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे, कारण ते आपल्याच किनाऱ्यावर आहे.

1906 साली अतिया फैझी नावाची तरुणी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेली. तिची बहीण नाझली बेगम म्हणजे जंजिरा संस्थानच्या नवाबांची पत्नी. मुरूडशी या बहिणींचा संबंध असा घरचा. अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर गेली होती. लंडनहून ती घरी रोजनिशी लिहून पाठवायची. ती लाहोरच्या 'तहजीबुन्निस्वां' या उर्दू स्त्री-साप्ताहिकात छापून येई आणि 1921 मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचं पुस्तक झालं. 1907 मध्ये लंडनला तिची भेट केंब्रिजला शिकणाऱ्या मुहम्मद इक्बाल यांच्याशी झाली. पुढे त्यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि त्यावर तिने पुस्तकही लिहिलं.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. तब्येतीमुळे अतियाला तो अभ्यासक्रम पुरा करता आला नाही. साधारण वर्षभरात ती परतली, प्रमाणपत्राशिवाय. आजच्या हिशेबाने 'पैसे वाया गेले'. पण तिने जे पाहिलं ते लिहून पाठवलं, आणि घराबाहेर न पडलेल्या कितीतरी बायकांनी ते उर्दूत वाचलं. परदेशी शिक्षणाचा फायदा फक्त पदवीच्या कागदावर मोजायचा नसतो, हे यावरून कळतं.

कुणी म्हणेल, ते बड्या घरचे लोक होते. खरं आहे. तय्यबजी-फैझी हे मुंबईचं श्रीमंत सुलेमानी बोहरा घराणं. आपण शेतीवाडीची, मासळीची, जहाजावरच्या नोकरीची माणसं. पण याच जिल्ह्यातून पुढेही लोक गेले. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि 1980 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे विलायतेची वाट आपल्याला अनोळखी नाही. आणि अनोळखी समुद्राची भीती तर कोकणी मुसलमानाला कधीच नव्हती. आपले आजे-पणजे आफ्रिकेला गेले, बाप आखातात गेले. मुलगा वीस वर्षांचा झाला की व्हिसाचे पैसे कुठूनही उभे राहतात. कमवायला पाठवताना आपण अंतर मोजत नाही, शिकायला पाठवताना मात्र मोजतो.

दुसऱ्या आवाजाला मात्र मी हलकं समजत नाही. व्याज टाळणं ही त्या बापाची सबब नव्हती, त्याचं ईमान होतं. शिक्षणासाठी अशा कर्जाची सवलत आहे की नाही, यावर फतवा देणारी मी कोण? माझं म्हणणं एवढंच आहे की 'व्याज हराम आहे' या वाक्याने चर्चा संपत नाही, तिथून ती सुरू व्हायला हवी. व्याज नको असेल तर बिनव्याजी पैशाची सोय कुणी करायची? ज्या दीनने व्याज मना केलं त्याच दीनने कर्जे-हसना शिकवलं. पहिली गोष्ट आपण मुलीच्या बापाला ऐकवतो. दुसरी जमातीला कुणी ऐकवत नाही.

सरकारकडे बोट दाखवता येईल. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेस' ही केंद्राची योजना 2022-23 पासून बंद झाली. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ती चालू होती तेव्हा आपल्या गावांतल्या किती मुलांना तिचं नाव तरी माहीत होतं? मी स्वतः शिक्षिका असून मला ते उशिरा कळलं. ही कबुली द्यायला मला लाज वाटते.

आपल्या बहुतेक गावांत जमात आहे. मशिदीच्या कामाला वर्गणी होते, आणि आखातातून, लंडनहून, दक्षिण आफ्रिकेतून पैसे येतात. लग्नात एका दिवसात किती खर्च होतो ते आपण सगळे पाहतो. मग पाच-सात गावांच्या जमातींनी मिळून एक शिक्षण निधी का करू नये? दरवर्षी एकच विद्यार्थी निवडावा, मुलगा किंवा मुलगी. पैसे बिनव्याजी द्यावेत, लेखी करार करावा, दोन जामीन घ्यावेत. नोकरी लागल्यावर हप्त्यांनी पैसे परत आले की त्यातून पुढचा विद्यार्थी जाईल. पस्तीस लाख एका बापाला डोंगर आहेत. सात गावांतल्या सातशे घरांना ते घरटी पाच हजार पडतात.

पण निधी झाला तरी आंधळेपणाने पाठवू नये. ब्रिटनमधलं प्रत्येक विद्यापीठ नामांकित नसतं. एजंट सांगतो म्हणून कुठेही फी भरू नये, कारण बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. तिथली मास्टर्स बहुधा एका वर्षाची असते, म्हणून खर्च एका वर्षाचा, पण श्वास घ्यायलाही वेळ नसतो. व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात दाखवावी लागते. ती आयत्या वेळी कुणाकडून तरी उसनी आणून दाखवण्याचा खेळ अंगाशी येतो. शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायची मुदत मर्यादित आहे आणि ती कमी होत चालली आहे. तेव्हा 'तिथेच पैसे कमवून फेडू' या भरवशावर घर गहाण टाकू नये.

आधी शिष्यवृत्ती, मग निधी, असा क्रम हवा. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ अशा शिष्यवृत्त्या ज्यांना मिळतात त्यांची फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही निघतात. चेव्हनिंगला साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. लोकांना ही अट जाचक वाटते. मला ती फार आवडते. आमच्या उपजिल्हा रुग्णालयाला लंडनहून शिकून आलेली आपली मुलगी नको आहे का? या शिष्यवृत्त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर धावाधाव करून काही होत नाही. इथे चूक आम्हा शिक्षकांची. दहावी-बारावीच्या वर्गात आम्ही डीएड, नर्सिंग, आयटीआय सांगतो. त्याच्या पुढचा रस्ता सांगत नाही, कारण तो आपल्या मुलांसाठी नाही असं आम्हीच मनात ठरवलेलं असतं.

ती मुलगी सध्या पनवेलच्या एका इस्पितळात काम करते. दोन वर्षांचा अनुभव आता पुरा होत आला आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "टीचर, शिफारसपत्र द्याल ना?" पत्र मी त्याच रात्री लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली तर अल्हम्दुलिल्लाह. नाही मिळाली तर तिचे अब्बा मला पुन्हा तोच प्रश्न विचारतील. या वेळी तो मी एकटीने ऐकणार नाही. जुम्याच्या नमाजनंतर जमातीच्या बैठकीत तो मांडावा, असं पत्र मी सदरसाहेबांना दिलं आहे.